बाथरूममधल्या कार्डाचं प्रकरण

घरी आंघोळीचा टॉवेल आपण रोज धुवायला टाकत नाही. तो दोरीवर वाळत घालतो आणि दुसऱ्या दिवशी तोच घेतो. त्यात पर्यावरणासाठी काही केलं असंही कोणाला वाटत नाही. हाच माणूस हॉटेलात उतरला की रोज सकाळी दोन टॉवेल बाथरूमच्या फरशीवर लोळत असतात. तो घाणेरडा किंवा उधळा झालेला नसतो. धुणारे हात त्याला दिसत नाहीत आणि खोलीचं भाडं आधीच ठरलेलं असतं, एवढंच कारण.

ही सवय मोडण्यासाठी जगभरच्या हॉटेलांनी एकच उपाय वापरला आहे. बेसिनजवळ एक छोटं कार्ड ठेवायचं, त्यावर हिरवं पान किंवा पृथ्वीचा गोळा छापायचा आणि खाली लिहायचं: टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा. हे कार्ड पुण्यात दिसतं, पणजीत दिसतं, दुबईतही दिसतं. पण ते काम करतं का? करत असेल तर कशामुळे? त्यातून वाचतं किती, आणि वाचलेलं जातं कुठे? या प्रश्नांचा छडा लावण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या एका हॉटेलात बऱ्याच काटेकोरपणे झाला. हे प्रकरण त्या हॉटेलाचं आहे, आणि त्या प्रयोगाच्या चौकटीत जे आलं नाही त्याचंही.

कार्डाची पूर्वपीठिका

या कार्डावरचा संशय कार्डाइतकाच जुना आहे. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने १९८३ मध्ये फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये अशीच सूचना वाचली होती: समुद्र आणि प्रवाळ जपण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा. त्याच वेळी रिसॉर्ट बेटावर नव्या बंगल्या बांधून विस्तार करत होतं. १९८६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याने या दुटप्पीपणाला ‘ग्रीनवॉशिंग’ म्हटलं. पुढे तेल कंपन्यांपासून साबणाच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे लागलेलं हे लेबल मुळात टॉवेलच्या कार्डावरून आलं आहे.

तरीही कार्डं वाढतच गेली. ती पुरवणाऱ्या कंपन्या निघाल्या, हॉटेल संघटनांनी त्यांचे नमुने सभासदांना दिले. मजकूर मात्र सगळीकडे एकाच साच्यातला होता. निसर्गाचा आदर करा, पुढच्या पिढ्यांचा विचार करा, आमच्याशी सहकार्य करा. थोडक्यात, पाहुण्याच्या सद्सद्विवेकाला हात घालायचा.

रॉबर्ट चाल्डिनी या सामाजिक मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या कार्डांमध्ये एक गोष्ट कोणीच लिहीत नाही. इतर पाहुणे काय करतात, हे. माणूस काय करेल हे पुष्कळदा त्याच्या मूल्यांवरून नाही, तर शेजारचा काय करतोय यावरून ठरतं, हा त्यांच्या अभ्यासाचा जुना विषय. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात त्यांनी त्याची उलटी बाजू पाहिली होती. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या लाकडाचे तुकडे पर्यटक खिशात घालून नेतात. ‘आतापर्यंत पुष्कळ पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं’ अशा अर्थाची पाटी लावली तेव्हा मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के तुकडे पळवले गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढीच साधी पाटी होती तेव्हा १.६७ टक्के. पहिली पाटी रागावून लिहिलेली होती, पण वाचणाऱ्याला तिने सांगितलं ते इतकंच की सगळेच नेतात. ‘येथे कचरा टाकू नये’ असं लिहिलेल्या भिंतीखालीच ढीग का असतो, हे कोडं आपल्याकडच्या नगरपालिकांनाही पडलेलं आहे. तिथे भिंतीवरची अक्षरं एक सांगतात आणि ढीग दुसरंच सांगतो.

१९० खोल्या, दोन कार्डं

नोआ गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशस या तिघांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातलं एक मध्यम आकाराचं, मध्यम दराचं हॉटेल निवडलं. खोल्या १९०. हॉटेल एका नावाजलेल्या राष्ट्रीय साखळीतलं, पण निबंधात त्याचं नाव नाही. हा भाग वाळवंटी, म्हणजे पाणी वाचवण्याची हाक तिथे अगदीच हवेतली म्हणता येणार नाही. त्यांचा निबंध २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये आला.

पहिल्या प्रयोगात दोन कार्डं होती. एकावर नेहमीचाच मजकूर: पर्यावरण वाचवायला मदत करा, निसर्गाबद्दलचा आदर दाखवा, मुक्कामात टॉवेल पुन्हा वापरा. दुसऱ्यावर लिहिलं होतं की आमच्या या उपक्रमात सहभागी व्हायला सांगितलेल्या पाहुण्यांपैकी जवळपास ७५ टक्के पाहुणे टॉवेल एकापेक्षा जास्त वेळा वापरतात, तुम्हीही त्यांच्यात सामील व्हा. दोन्ही कार्डांवर खाली सूचना तीच. सहभागी व्हायचं असेल तर टॉवेल दांडीवर किंवा पडद्याच्या रॉडवर टाका, नसेल तर फरशीवर ठेवा.

हा ७५ टक्क्यांचा आकडा मनचा नव्हता. कार्डं पुरवणाऱ्या कंपनीकडच्या माहितीवरून तो घेतला होता, आणि त्याचा अर्थ असा की संधी मिळालेल्या पाहुण्यांपैकी इतके जण संपूर्ण मुक्कामात केव्हा ना केव्हा किमान एक टॉवेल पुन्हा वापरतात. ही व्याख्या ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

नोंदी कोणी घेतल्या? खोल्या साफ करणाऱ्या बायकांनी आणि पुरुषांनी. संशोधक बाथरूममध्ये डोकावले नाहीत. रूम अटेंडंटना प्रशिक्षण दिलं गेलं, कोणता टॉवेल ‘पुन्हा वापरायचा’ म्हणून धरायचा आणि कोणता नाही याचे फोटो दिले गेले. इथे एक बारीक पण फार शहाणपणाचा निर्णय झाला. दाराच्या मुठीला किंवा हुकाला लटकवलेला टॉवेल सहभागात धरायचा नाही. कारण ज्यांनी कार्ड वाचलेलंही नाही तेसुद्धा सवयीने टॉवेल तिथे अडकवतात. त्यामुळे निकाल कमी दिसले तर दिसले, फुगवलेले दिसणार नाहीत. हॉटेलांच्या हिरव्या अहवालांत अशी कंजुषी क्वचितच दिसते.

८० दिवसांत टॉवेल पुन्हा वापरता येण्याचे १,०५८ प्रसंग नोंदले गेले. निष्कर्षासाठी प्रत्येक मुक्कामातला पहिलाच दिवस धरला, म्हणजे एकाच शिस्तीच्या पाहुण्याची चारचारदा मोजणी होऊ नये. निसर्गाची हाक देणाऱ्या कार्डाला ३५.१ टक्के पाहुण्यांनी दाद दिली, इतर पाहुण्यांचा हवाला देणाऱ्या कार्डाला ४४.१ टक्के. शाई तेवढीच, कागद तेवढाच. बदललं एक वाक्य आणि फरक नऊ टक्क्यांचा. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक जेमतेम उतरतो, हेही नोंदवायला हवं.

आधीचा पाहुणा

दुसरा प्रयोग जास्त रंजक आहे. त्यात पाच कार्डं होती. एक नेहमीचं. उरलेल्या चारांवर ७५ टक्क्यांचा हवाला होता, पण ७५ टक्के कोणाचे हे बदललं होतं. एका कार्डावर हॉटेलचे पाहुणे, दुसऱ्यावर नागरिक, तिसऱ्यावर स्त्रिया आणि पुरुष, चौथ्यावर याच खोलीत राहून गेलेले पाहुणे, तेही खोलीचा नंबर घालून.

या गटांपैकी तुम्हाला स्वतःची ओळख म्हणून कोणता महत्त्वाचा वाटतो असं लोकांना वेगळं विचारलं तेव्हा ‘या खोलीतला पाहुणा’ ही ओळख सगळ्यात खाली होती. साहजिकच आहे. मी मराठी आहे, मी बाई आहे, मी शिक्षक आहे असं कोणी म्हणेल. मी ३१२ नंबरचा आहे हे कोण म्हणणार?

आणि तरीही सगळ्यात जास्त टॉवेल त्याच कार्डाने वाचवले. नेहमीच्या कार्डाला ३७.२ टक्के, स्त्री-पुरुषांच्या कार्डाला ४०.९, नागरिकांच्या ४३.५, हॉटेलच्या पाहुण्यांच्या ४४, आणि ‘याच खोलीत राहिलेल्यां’च्या कार्डाला ४९.३ टक्के. नोंदी १,५९५, कालावधी ५३ दिवसांचा.

तर्काने पाहिलं तर यात काहीच अर्थ नाही. ३१२ नंबरच्या खोलीत राहिलेला माणूस ३१४ मधल्यापेक्षा पर्यावरणाचा जास्त जाणकार असण्याचं कारण नाही. पण आपण जिथे असतो तिथली रीत पाळतो. देवळात चपला कुठे काढायच्या हे पाटी वाचून ठरत नाही, आधी आलेल्यांच्या चपला जिथे दिसतात तिथे आपल्याही निघतात. या हॉटेलात आधीच्या पाहुण्याच्या चपला दिसत नव्हत्या, कार्डाने त्या शब्दांत दाखवल्या.

आता त्या व्याख्येकडे परत येऊ. कार्डावर ७५ टक्के, प्रत्यक्षात सापडले ४१ ते ४९. कोणी खोटं बोललं का? नाही. कार्डावरचा आकडा संपूर्ण मुक्कामातल्या किमान एका टॉवेलचा, मोजणी पहिल्याच दिवसाची आणि मुठीवरचे टॉवेल वगळून. पण हॉटेलच्या व्यवस्थापकाने यातून सावध व्हावं. ‘आमचे तीन चतुर्थांश पाहुणे सहभागी होतात’ हे वाक्य आणि ‘आमची टॉवेलची धुलाई तीन चतुर्थांशाने घटली’ हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं खरं असताना लॉन्ड्रीच्या बिलात फारसा फरक नसू शकतो.

कार्डाच्या मागचं गणित

इथपर्यंतची गोष्ट वर्तनशास्त्राच्या व्याख्यानांत पुष्कळदा सांगितली जाते आणि टाळ्यांवर संपते. मला मात्र त्या कार्डाच्या मागच्या बाजूचा मजकूर जास्त बोलका वाटतो. त्यावर लिहिलं होतं की बहुतेक पाहुण्यांनी साथ दिली तर या हॉटेलात एका वर्षात ७२,००० गॅलन पाणी आणि ३९ पिंपं तेल वाचेल, आणि जवळपास ४८० गॅलन डिटर्जंट निसर्गात जाणार नाही.

७२,००० गॅलन म्हणजे सुमारे २ लाख ७२ हजार लिटर. वाचताना टँकरची रांग डोळ्यांपुढे येते. आता भागाकार करू. वर्षाचे ३६५ दिवस आणि खोल्या १९०. एका खोलीमागे दिवसाला चार लिटरही येत नाहीत. रिकाम्या खोल्या आणि एकाच रात्रीचे पाहुणे वजा केले तर आकडा दुप्पट-तिप्पट होईल असं धरू. तरी तो बारा लिटरच्या आत राहतो.

अमेरिकेत नव्या शॉवरची कायदेशीर मर्यादा मिनिटाला २.५ गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर आहे. याचा अर्थ, कार्ड छापून, समजावून, मोजून, निबंध लिहून खोलीमागे जे पाणी वाचेल ते पाहुण्याने शॉवर अर्धा ते सव्वा मिनिट आधी बंद केला तरी वाचतं. शॉवरचं तोंड बदलून मिनिटाला दोन गॅलनचं बसवलं तर आठ मिनिटांच्या आंघोळीत पंधरा लिटर वाचतात. पाहुण्याला काही विचारावं लागत नाही, त्याला ते कळतही नाही. पाणी ही हॉटेलची खरी अडचण असेल तर काम प्लंबरचं आहे, कार्डाचं नाही.

तेलाचा आकडा वेगळं सांगतो. ३९ पिंपांतली उष्णता ढोबळ हिशेबाने ६६ हजार युनिट भरते, म्हणजे दर खोलीमागे दिवसाला जवळपास एक युनिट. टॉवेलच्या धुलाईत पाण्यापेक्षा पाणी तापवणं आणि ड्रायर फिरवणं महाग पडतं, हे लॉन्ड्रीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं. जाड टेरीचा टॉवेल पाणी धरून ठेवतो आणि ते उष्णतेने हाकलावं लागतं. तेव्हा ‘पाणी वाचवा’ म्हणणारं कार्ड प्रत्यक्षात मुख्यतः इंधन वाचवतं. तिसरी बचत कार्डावर कधीच नसते, ती म्हणजे टॉवेलचं आयुष्य. प्रत्येक धुलाईत धागा सुटतो, पांढरा रंग करडा होतो आणि एक दिवस तो टॉवेल फाडून पुसणी होतो. धुलाया कमी झाल्या की नव्या टॉवेलांची खरेदी लांबते. ही बचत सरळ हॉटेलच्या खात्यात जमा होते, त्यात ध्रुवावरच्या अस्वलाचा काही संबंध नाही.

पाहुण्याला हे कळत नाही असं समजण्याचं कारण नाही. कार्ड हातात घेतल्यावर पुष्कळांच्या मनात पहिला विचार हाच येतो की यांना धुलाईचा खर्च वाचवायचाय आणि नाव घेतात निसर्गाचं. गोल्डस्टीन, ग्रिस्केविशस आणि चाल्डिनी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच काटा तपासला. एका कार्डावर म्हटलं होतं की तुम्ही टॉवेल पुन्हा वापरलात तर वाचलेल्या पैशांतला काही भाग आम्ही पर्यावरण संस्थेला देऊ. दुसऱ्यावर, आम्ही पाहुण्यांच्या वतीने देणगी आधीच दिली आहे, आता तुम्ही साथ द्या. पहिल्याला सुमारे ३१ टक्के प्रतिसाद मिळाला, दुसऱ्याला सुमारे ४५. पहिल्या कार्डात हॉटेल सौदा करत होतं, ‘आधी तुम्ही, मग आम्ही’ म्हणत होतं. दुसऱ्यात हॉटेलने आधी खिशात हात घातला होता. दोन्हीकडे दिली जाणारी रक्कम सारखीच असती, तरी माणसाला क्रम कळतो.

जर्मनीत गाडी अडली

एका हॉटेलातल्या निकालावरून जगाला शहाणपण शिकवणं धोक्याचं असतं. जर्मनीत गेर्ड बोनर आणि लेना श्लुटर यांनी दोन हॉटेलांत हाच प्रयोग करून पाहिला आणि २०१४ मध्ये निकाल मांडले. एका हॉटेलात ७२४ नोंदी, दुसऱ्यात २०४. कार्ड असलं तर नसल्यापेक्षा बरं, एवढं दिसलं. पण इतर पाहुण्यांचा हवाला देणारं कार्ड नेहमीच्या कार्डापेक्षा सरस ठरलं नाही, आणि ‘याच खोलीतले’ ही जादूही भरवशाने चालली नाही. तिथे टॉवेल पुन्हा वापरणाऱ्यांचं प्रमाण मुळातच मोठं होतं. जिथे बहुतेक जण आधीच दांडीवर टॉवेल टाकतात तिथे ‘बहुतेक जण दांडीवर टाकतात’ ही बातमी कोणाला नवी?

दोन वर्षांनी शायबेहेन आणि सहकाऱ्यांनी असे सात अभ्यास एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. निष्कर्ष असा की सगळं मिळून पाहिलं तर इतरांच्या वागण्याचा हवाला उपयोगी पडतो. एकेकटा अभ्यास डळमळतो, एकत्र उभे राहतात. मला यातून व्यवहारापुरतं इतकंच घ्यावंसं वाटतं की कार्डाचं वाक्य बदलणं फुकट आहे, त्याने थोडं भलं होण्याची शक्यता आहे, आणि यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

कार्ड ज्यांच्याशी बोलत नाही

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती. प्रयोगात नोंदी घेणारी, पण निष्कर्षांत कुठेच नसलेली. खोली साफ करणारी.

कार्ड कितीही हुशारीने लिहिलं तरी टॉवेल बदलायचा की नाही हे शेवटी तिच्या हातात असतं. दांडीवर नीट वाळत घातलेला टॉवेलही उचलून नवा ठेवला, हा अनुभव पुष्कळ प्रवाशांनी घेतलेला आहे. त्यात तिचा आळस नसतो, भीती असते. पाहुण्याने ‘टॉवेल बदलला नाही’ अशी तक्रार केली तर तिला बोलणी बसतात. विनाकारण बदलला म्हणून तिला कोणी विचारत नाही. सुपरवायझरच्या यादीत ‘ताजे टॉवेल’ असा रकाना असतो, ‘न बदललेले टॉवेल’ असा नसतो. यादी बदलली नाही तोवर कार्ड पाहुण्याची समजूत घालतं आणि त्याच वेळी खोलीतली व्यवस्था ती समजूत खोटी ठरवते. एकदा असा नवा टॉवेल मिळाला की तो पाहुणा पुढे कोणत्याच हॉटेलच्या कार्डावर विश्वास ठेवत नाही.

टॉवेलवरून गोष्ट पुढे सरकली ती अख्ख्या खोलीवर. स्टारवुड या साखळीने २००९ च्या सुमारास ‘मेक अ ग्रीन चॉइस’ नावाची योजना आणली. खोली साफ करून घेऊ नका, त्याबदल्यात पाच डॉलरचं व्हाउचर किंवा सदस्यत्वाचे गुण घ्या. पाहुणे खूश, हॉटेल खूश, निसर्गाचं नाव आहेच. पण खोल्या कमी साफ होऊ लागल्या तशा साफ करणाऱ्यांच्या पाळ्याही कमी झाल्या. शिवाय तीन-चार दिवस हात न लागलेली खोली चेकआउटच्या दिवशी साफ करायची म्हणजे दुप्पट मेहनत. साबणाचे थर, भरून वाहणारा डबा, गालिच्यात रुतलेलं खाणं. दिवसाला ठरवून दिलेल्या खोल्यांच्या कोट्यात मात्र ती एकच खोली धरली जाते.

स्टारवुड पुढे मॅरियटमध्ये विलीन झालं. २०१८ च्या शरदात ‘युनाइट हिअर’ या कामगार संघटनेच्या सभासदांनी अमेरिकेच्या अनेक शहरांत मॅरियटविरुद्ध संप केला. ‘एक नोकरी पुरायला हवी’ ही त्यांची घोषणा होती, आणि तक्रारींच्या यादीत ही हिरवी योजनाही होती. कोविडनंतर रोजची सफाई बंद ठेवणं बऱ्याच साखळ्यांना सोयीचं वाटलं. हिल्टनने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक ब्रँडमध्ये पाहुण्याने मागितली तरच सफाई असा नियम केला. लास वेगासमधल्या कामगारांनी २०२३ च्या नोव्हेंबरात मोठ्या कॅसिनो कंपन्यांशी जे करार केले त्यांत रोज खोली साफ होणं हे कलमच घालून घेतलं.

त्या कामगारांना पर्यावरणाचे शत्रू म्हणणं सोपं आहे. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. वाचलेल्या पाण्यातलं, वाचलेल्या इंधनातलं आणि वाचलेल्या पगारातलं काय निसर्गाला गेलं आणि काय भागधारकांना? कार्डावर त्याचं उत्तर कधीच नव्हतं.

आपल्याकडे लावून पाहायचं तर

महाराष्ट्रात हिरव्या हॉटेलाचं नाव निघालं की विठ्ठल कामत यांच्या पार्ल्याच्या ऑर्किडचं उदाहरण दिलं जातं. तिथला भर इमारतीच्या बांधणीवर आणि यंत्रणांवर होता, म्हणजे पाहुण्याच्या चांगुलपणाची वाट पाहायची नाही. नवं हॉटेल बांधणाऱ्याने तोच रस्ता धरावा. पण महाबळेश्वर, अलिबाग, मालवण किंवा गोव्यातलं चाळीस-पन्नास खोल्यांचं जुनं हॉटेल चालवणाऱ्यापुढे आयती इमारत असते, आणि त्याला सोमवारपासून काय करायचं हे हवं असतं.

अशा हॉटेलांत लॉन्ड्री बहुधा बाहेर दिलेली असते आणि दर नगावर असतो. ही एक मोठी सोय आहे. बिलातच मोजणी आहे, वेगळं यंत्र नको. कार्ड ठेवण्याआधी दोन महिन्यांची बिलं काढून भरलेल्या खोलीमागे दिवसाला किती टॉवेल जातात ते लिहून ठेवायचं. हा आकडा नसेल तर पुढे कोणताही दावा करता येणार नाही. त्यातही आज आलेले आणि मुक्काम पुढे चालू असलेले पाहुणे वेगळे धरायला हवेत. शनिवार-रविवारच्या एका रात्रीच्या गर्दीवर चालणाऱ्या हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरायचा प्रश्नच कमी येतो. अशा ठिकाणी कार्डावर शाई खर्च करण्यापेक्षा बुफेत उरणाऱ्या अन्नाकडे पाहावं. नॉर्वेतल्या हॉटेलांत २०१२ च्या उन्हाळ्यात झालेल्या एका प्रयोगात ताटांचा आकार थोडा लहान केल्यावर उरणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं होतं. ‘पुन्हा पुन्हा या, एकदम भरून घेऊ नका’ अशी पाटी लावल्यावरही जवळपास तेवढंच घटलं.

दुसरी अडचण अमेरिकेतल्या त्या वाळवंटी हवेत कोणाच्या डोक्यात येणार नाही अशी आहे. जुलैत महाबळेश्वरला टॉवेल वाळतच नाही. सकाळी टाकलेला रात्री ओला आणि दुसऱ्या सकाळी कुबट. त्या पाहुण्याला ‘पुन्हा वापरा’ म्हणणं म्हणजे त्याची थट्टा आहे. आधी खिडकीजवळ किंवा पंख्याखाली एक लांब दांडी हवी, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू हवा, आणि टॉवेल पातळ हवा. चार महिने पंचासारखा हलका, लवकर वाळणारा टॉवेल ठेवला तर धुलाई आणि इंधन दोन्ही वाचतं. जाड टॉवेल म्हणजे ऐश्वर्य ही समजूत कोकणच्या पावसाळ्यात तरी सोडून द्यायला हरकत नाही.

कार्डावर काय लिहायचं? स्वतःची मोजणी होईपर्यंत आकडा लिहू नये. ‘७५ टक्के पाहुणे’ हे वाक्य उचलून आपल्या हॉटेलात चिकटवणं सरळ खोटं ठरेल, ते पाहुणे तुमचे नव्हेत. तीन महिन्यांनी स्वतःचा आकडा निम्म्याच्या वर गेला तर तो लिहावा, खोलीच्या नंबरासह लिहिला तर उत्तम. निम्म्याच्या खाली असेल तर लिहूच नये, नाहीतर पेट्रिफाइड फॉरेस्टच्या पाटीसारखं व्हायचं. आणि देणगी द्यायचीच असेल तर आधी द्यावी, पावतीची प्रत स्वागतकक्षात लावावी, मग पाहुण्याला सांगावं.

राहिली ती खोली साफ करणारी ताई. आपल्याकडे ती पुष्कळदा कंत्राटदाराची माणूस असते, संघटना नसते, आणि हजेरी खोल्यांच्या कोट्यावर पक्की होते. तिच्या बाबतीत दोन गोष्टी लेखी व्हाव्यात. दांडीवरचा टॉवेल न बदलल्याबद्दल तक्रार आली तर तिला जाब विचारला जाणार नाही, सुपरवायझर पाहुण्याला उत्तर देईल. आणि पाहुण्याने सफाई नाकारलेली खोली तिसऱ्या दिवशी उघडली की कोट्यात ती एक नाही, दीड खोली धरायची. लॉन्ड्रीचं बिल दरमहा जितकं खाली येईल त्यातला ठरलेला हिस्सा त्या मजल्यावरच्या हाउसकीपिंगला पगाराबरोबर द्यायचा, आणि तो आकडा पगाराच्या पावतीवर वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे.